खिशातला कॅमेरा

परवा रत्नागिरीच्या घरी कपाट आवरत होतो. खालच्या खणात, जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्याखाली, तो सापडला. पत्त्यांच्या कॅटाएवढा चपटा, चंदेरी डिजिटल कॅमेरा. बॅटरी फुगलेली, चार्जरचा पत्ता नाही. भाच्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मामा, चांगला होता का रे हा?"

प्रश्न साधाच, पण मला पटकन उत्तर देता येईना. 2008 साली घेतला तेव्हा दुकानदाराने एकच आकडा सांगितला होता, सात मेगापिक्सेल. त्यावर आम्ही खूश! आता इतक्या वर्षांनी वाटतं, हा हिशेब जरा मागून मांडायला हवा.

हलत्या चित्रांची आपल्याकडची गोष्ट सुरू होते 7 जुलै 1896 ला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. त्या दिवशी तिथे ल्युमिएर बंधूंच्या फिल्म दाखवल्या गेल्या. त्या पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा होते. त्यांचा स्वतःचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी 21 गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली.

पुढची गोष्ट आमच्या जिल्ह्याची. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. डिसेंबर 1901 मध्ये ते परतले, तेव्हा मुंबईत त्यांचं जंगी स्वागत झालं, आणि सावेदादांनी ते चित्रित केलं. भारतातला पहिला वार्तापट म्हणून त्याचंच नाव घेतात. योगायोग बघा, याच रँग्लरसाहेबांची नात म्हणजे सई परांजपे!

म्हणजे एक कोकणातला मुलगा परदेशातून घरी आला आणि कोणीतरी त्याची फिल्म काढली. आम्हीही विमानतळावर तेच करायचो. फक्त सावेदादांचा कॅमेरा खिशात मावत नव्हता.

खिशात मावायला बराच काळ गेला. 1975 मध्ये कोडॅकच्या स्टीव्ह सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. 1995 मध्ये कॅसिओने मागे पडदा असलेला कॅमेरा बाजारात आणला. काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसू लागला. 2002 मध्ये त्याच कंपनीचा एक्सिलिम आला, जाडी अवघी 11.3 मिलिमीटर! त्याच वर्षी मिनोल्टाने वेगळी युक्ती केली. आत लोलक बसवून प्रकाश काटकोनात वळवला आणि भिंग उभं ठेवलं. त्यामुळे झूम करताना नळी बाहेर येण्याचं कारणच उरलं नाही.

पण बारीकपणाची किंमत असते. भिंग छोटं, म्हणून मागची संवेदक चकतीही छोटी. अशा कॅमेऱ्यांत ती साधारण 6 बाय 4 मिलिमीटरची, तर जुन्या रिळावरची चौकट 36 बाय 24 ची. प्रकाश गोळा करायला तिसाहून जास्त पट कमी जागा! मांडवीच्या जेटीवर भर उन्हात फोटो झकास यायचे, पण संध्याकाळी ओटीवर काढलेल्या फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसत.

फेब्रुवारी 2005 मध्ये यूट्यूब सुरू झालं आणि 2007 मध्ये कॅसिओने खास यूट्यूबसाठी चित्रण करायची सोय असलेले चपटे कॅमेरे काढले. 640 बाय 480 चा व्हिडिओ आणि तो चढवायची तयार प्रणाली. आता आकडेमोड करा. 640 गुणिले 480 म्हणजे सुमारे तीन लाख ठिपके. यूट्यूबवर तेव्हा दिसायचं 320 बाय 240, म्हणजे पाऊण लाख. नेहमीच्या 4 बाय 6 इंची छापील फोटोलाही वीस-बावीस लाख ठिपके पुरतात. मग ते सत्तर लाख कशासाठी घेतले होते? असो.

त्या कॅमेऱ्यात मी आजीची फिल्म काढली होती. चाळीस सेकंदांची. ती ओटीवर फणस फोडत बसलेली, हाताला तेल लावलेलं. "मेल्या, ते काय धरलंयस तोंडासमोर?" असं म्हणाली आणि मग न्यू जर्सीतल्या माझ्या चुलतभावाला, जणू तो समोरच बसलाय अशी, "कधी येतोस?" म्हणून विचारू लागली. ती फिल्म यूट्यूबवर चढायला पाऊण तास लागला. तिकडे ती त्याने किती वेळा पाहिली, ते त्यालाच ठाऊक.

पुढच्या महिन्यात एका लग्नासाठी कार्डात जागा हवी होती. यूट्यूबवर आहेच की, असं म्हणून मी कार्ड पुसलं. मूळ फिल्म गेली. आज आमच्याकडे आहे ती तिथून उतरवलेली बारकी, धुरकट नक्कल. आजी 2011 मध्ये गेली. तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्या नकलेत दिसत नाहीत. आवाज मात्र स्वच्छ आहे.

चूक कॅमेऱ्याची नव्हती, माझी होती. आपल्याकडच्या मूकपटांपैकी बहुतेक नाहीसे झाले. जुनी नायट्रेटची फिल्म भुरकन पेट घेणारी, आणि जपायला हवं हे कळायलाही उशीर झाला. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं ते 1964 मध्ये. त्या लोकांना निदान आग, दमट हवा अशी कारणं तरी होती. मी एक बटण दाबलं.

2018 मध्ये कॅसिओने असे खिशातले कॅमेरे बनवणं थांबवलं. त्यांचं काम तोवर फोनने घेतलं होतं.

भाच्याला शेवटी मी म्हटलं, "चांगला होता रे. अंधारात आंधळा होता, व्हिडिओ चालू असताना झूम होत नव्हता, भाट्याच्या वाऱ्यात नुसतं घोंघावणं ऐकू यायचं. पण खिशात होता. मोठा कॅमेरा कपाटात असता आणि आजी ओटीवर."

त्याने लगेच फोन काढून माझीच फिल्म घ्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, घे, पण दोन ठिकाणी ठेव.

नातेवाईक मंडळी, तुमच्याकडे जुनी कार्डं, सीड्या पडल्या असतील तर या सुट्टीत उघडून बघा. आणि आजीचं काही सापडलं तर आधी मला कळवा.