चालणारी समुद्रगाय

उष्ण प्रदेशांतील उथळ समुद्रांत व नद्यांच्या मुखांत मॅनाटी नांवाचा एक संथ प्राणी राहतो. पाण्यांतील गवत खाऊन तो जगतो, म्हणून त्याच्या कुळास समुद्रगाय म्हणतात. त्याचे पुढचे पाय वल्ह्यांसारखे झाले आहेत. मागचे तर मुळींच दिसत नाहींत. तथापि कमरेच्या हाडांचे लहानसे अवशेष त्याच्या देहांत अद्याप आढळतात. तो मासा नव्हे, सस्तन प्राणी होय. हत्ती हा त्याचा आप्त. तेव्हां त्याचे पूर्वज एके काळीं जमिनीवर चालत असले पाहिजेत, हें अनुमान सरळ होतें. उणीव होती ती पुराव्याची.

इ. स. १८५५ मध्यें इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनीं जमेका बेटांत सांपडलेल्या एका कवटीचें वर्णन केलें व त्या प्राण्यास प्रोरॅस्टोमस हें नांव दिलें. कवटी प्राचीन समुद्रगाईची होती. पण डोक्यावरून पायांची साक्ष कशी मिळावी? हा प्रश्न जवळजवळ दीड शतक तसाच राहिला.

त्याचें उत्तरहि जमेकानेंच दिलें. बेटाच्या पश्चिम भागांत सेव्हन रिव्हर्स येथें सुमारें ५ कोटि वर्षांपूर्वींच्या थरांत इतकीं हाडें मिळालीं कीं, जवळजवळ संपूर्ण सांगाडा जुळवितां आला. २००१ सालीं अमेरिकन संशोधक डॅरिल डॉमनिंग यांनीं या प्राण्यास 'पेझोसायरेन', म्हणजे 'चालणारी समुद्रगाय', असें नांव दिलें.

हा प्राणी डुकराएवढा, लांबी सुमारें २ मीटर. चारहि पाय भक्कम, आणि कमरेचें हाड पाठीच्या कण्याशीं जोडलेलें. अर्थात् जमिनीवर तो आपला भार सहज तोलीत असे. बरगड्या मात्र जाड व भरीव. रिकाम्या गलबतांत तोलासाठीं दगड भरावेत, तसा त्यांचा पाण्यांत उपयोग. नाकपुड्याहि मागें सरकलेल्या. पोहतांना तो पाणमांजराप्रमाणें पाठ वांकवून मागच्या पायांनीं पाणी रेटीत असावा. यावरून असें दिसतें कीं, पाय जाण्यापूर्वींच छाती व नाक समुद्राचीं होऊं लागलीं होतीं.

या कुळाची एक प्रचंड शाखा उत्तरेकडील थंड समुद्रांत होती. १७४१ सालीं बेरिंगच्या सफरींतील स्टेलर यांनीं ती पाहिली. शिकारीमुळें १७६८ च्या सुमारास ती नामशेष झाली. कोट्यवधि वर्षें जें घडत आलें, तें २७ वर्षांत संपलें. आतां मॅनाटीच्या ३ जाति व डुगाँग एवढेच उरले आहेत. आणि त्यांपैकीं डुगाँग आपल्या कच्छच्या आखातांत व पाल्कच्या उपसागरांतहि आहे.