डोळा पाहतो, मन ओळखतं : इब्न अल-हैसम यांचा वारसा

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत इतिहास बहुधा एकाच ठिकाणाहून सुरू होतो. साल १८७९, जर्मनीतलं लाइपझिग शहर आणि विल्हेल्म वुंट यांची प्रयोगशाळा. त्याआधी ग्रीक तत्त्वज्ञांची दोन-चार नावं येतात, मधली अनेक शतकं मात्र कोरी राहतात. आपल्याकडच्या भाषणांत याचं दुसरं टोक ऐकायला मिळतं. सगळी शास्त्रं मुसलमानांनीच शोधली, युरोपने ती फक्त उचलली! या दोन्ही दाव्यांत इब्न अल-हैसम यांच्यासारख्या संशोधकाचं खरं काम हरवून जातं.

इब्न अल-हैसम यांचा जन्म इ.स. ९६५च्या सुमारास बसऱ्यात झाला. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी फातिमी खलिफांच्या काहिऱ्यात घालवला. तिथेच त्यांनी ‘किताब अल-मनाझिर’ हा सात खंडांचा ग्रंथ लिहिला. माणसाला दिसतं कसं, हा त्यातला मूळ प्रश्न आहे.

युक्लिड आणि टॉलेमी यांच्या मते डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. इब्न अल-हैसम यांनी एक साधा मुद्दा मांडला. प्रखर प्रकाशाकडे पाहिल्यावर डोळे दुखतात, म्हणजे बाहेरून काहीतरी डोळ्यात येत असलं पाहिजे.

पण ते केवळ युक्तिवादावर थांबले नाहीत. अंधाऱ्या जागेच्या छिद्रासमोर त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी अनेक दिवे ठेवले. आतल्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका उमटला. एक दिवा झाकला की फक्त त्याचाच ठिपका नाहीसा व्हायचा, आड काढली की परत यायचा. बाकी सगळं तसंच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं. आजही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला संशोधनपद्धतीच्या पहिल्या धड्यात हेच शिकवतात.

पुढचा टप्पा मनाचा. डोळ्यात प्रकाश आला म्हणजे वस्तू ओळखली असं होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. लिहितावाचता येणारा माणूस ओळखीचा शब्द एका नजरेत वाचतो, एकेक अक्षर लावत बसत नाही. मन आठवणीतल्या रूपाशी तुलना करतं आणि निष्कर्ष काढतं. हे इतकं झटपट घडतं, की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ यांनी ‘नकळत काढलेला निष्कर्ष’ ही कल्पना मांडली, ती याच्या खूप जवळची आहे. क्षितिजाजवळचा चंद्र मोठा का भासतो, याचंही एक कारण इब्न अल-हैसम यांनी मनाच्या अंतर जोखण्यात शोधलं.

ते चुकलेही. डोळ्यातलं भिंगच प्रकाश ग्रहण करतं, असं ते मानत. प्रतिमा पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, उलटी उमटते हे केपलर यांनी १६०४ साली दाखवलं. पण तोवर ‘मनाझिर’चं लॅटिन भाषांतर युरोपात रुजलं होतं, १५७२ साली बाझेलमध्ये ते छापूनही आलं होतं. केपलर याच परंपरेचे वाचक होते. याला चोरी म्हणत नाहीत. ज्ञान असंच पुढे जातं.

चूक सांगितल्याने इब्न अल-हैसम लहान होत नाहीत. टॉलेमीचा आदर ठेवूनही त्यांनी त्याच्यावरील शंकांचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सत्य शोधणाऱ्याने थोरांचं लिखाण तपासून घ्यावं आणि स्वतःवरही संशय घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे कमालुद्दीन फारसी यांनी ‘मनाझिर’वर भाष्य लिहिताना खुद्द इब्न अल-हैसम यांनाही दुरुस्त केलं. याला कुणी बेअदबी म्हटलं नाही.

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्षात इब्न अल-हैसम यांचं जगभर स्मरण झालं. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण ‘आम्ही पहिले होतो’ एवढंच ऐकून मोठं होणाऱ्या मुलाच्या हाती फक्त एक नाव उरतं. त्याला दिवा झाकून पाहायची सवय लागली, तर तो वारसा खऱ्या अर्थाने त्याचा होईल.