नावाला कंस

युजरनेम बदलायचा फॉर्म अगदी छोटा असतो. नवीन नाव, ईमेल आणि कारण. पहिल्या दोन रकान्यांना मला अर्धं मिनिट लागलं. तिसऱ्यावर मी दोन रात्री अडकून बसले होते.

खातं मी काढलं 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शहरातला फ्लॅट, बाहेर पोलिस, घरात चार माणसं आणि हातात फोन. गोदाकाठच्या गावांवर मराठी विकिपीडियात काय आहे ते सहज बघायला गेले, तर कुठे दोन ओळी, कुठे तालुकाच चुकलेला. मी सायखेड्याची. पलीकडच्या काठावर चांदोरी, मध्ये पूल, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरी बाजारपेठेत शिरली तेव्हा आमच्या ओट्यापर्यंत आलेलं पाणी. चुकीचा तालुका बघून राहवेना. खातं काढताना नाव विचारलं, तेव्हा हातानं आपोआप टाइप केलं ते माझं नाव आणि सासरचं आडनाव. नव्या नवरीला नवं आडनाव लिहायची हौस असते, खोटं कशाला बोलू.

पुढे चार वर्षांत लग्न मोडलं. बँक, आधार, पॅन सगळीकडे आडनाव परत बदललं. राजपत्रातसुद्धा जुनं नाव, नवीन नाव असं छापून आलं. राहिलं फक्त एक ठिकाण, जिथे मी रोज रात्री तासभर बसायचे. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक वेलांटीपुढे त्या घराचं आडनाव उमटत होतं.

नाव बदलण्याची इथली रीत कशी घडली ते मी नंतर शोधलं, आणि त्यात मजा आली म्हणून सांगते. मराठी विकिपीडिया सुरू झाला 1 मे 2003 ला. तेव्हा प्रत्येक भाषेचं खातं वेगळं असायचं. मराठीत एक ‘गणेश’, हिंदीत दुसराच ‘गणेश’, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. नाव बदलायचं तर त्या त्या भाषेतल्या मोजक्या अधिकार मिळालेल्या सदस्यांना सांगायचं. मराठी विकिपीडियावर सगळ्यांनी जमून बोलायच्या पानाचं नाव आहे ‘चावडी’. हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवणाऱ्याला गाव कळत होतं.

मग 2008 पासून सगळ्या भाषांना मिळून एकच लॉगिन यायला लागलं, आणि 2015 च्या एप्रिलमध्ये उरलेली सगळी खाती एकत्र केली गेली. एकाच नावाचे दोन गणेश चालेनात. ज्याचं नाव दुसऱ्याशी टक्कर खात होतं त्याच्या नावामागे एक नागमोडी रेघ आणि विकीचं लघुनाव चिकटवलं गेलं. मराठीवाल्यांना ‘एमआरविकी’ अशी शेपटी मिळाली. शाळेत एका वर्गात दोन गणेश असले की बाई ‘गणेश अ’ आणि ‘गणेश ब’ करायच्या, तसंच. कुणी न विचारता आपलं नाव बदललेलं पाहून त्या लोकांना काय वाटलं असेल याचा मी विचार करते. तेव्हापासून नाव बदलण्याचं काम जगभरातल्या काही स्वयंसेवकांकडे आहे. माझा अर्ज वाचणारा माणूस मराठी जाणणारा असेलच असं नाही. त्यामुळे खरं तर कारणाच्या रकान्यात काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं.

अडकायला झालं ते त्याच्या आधीच्या सूचनांमुळे. नाव बदलल्यावर जुन्या संपादनांपुढेही नवं नाव दिसतं, हे ठीक. पण कोणाचं काय होतं आणि काय झालं याची नोंद कायम राहते, कुणालाही वाचता येते. शिवाय चर्चापानांवर केलेल्या जुन्या सह्या तशाच राहतात, कारण जतन करताक्षणी सहीचा साधा मजकूर होतो. म्हणजे मला हवं होतं पुसणं, आणि मिळणार होती फेरफार.

फेरफार हा शब्द माझा नाही, आमच्या तलाठ्याचा आहे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला हा शब्द सांगावा लागत नाही, बाकीच्यांसाठी थोडक्यात: मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्यानं जमिनीची हक्कनोंद आली, आणि आजही जमिनीवरचं नाव बदललं की गाव नमुना 6 मध्ये नोंद होते. तिला क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक सातबाऱ्यावर येतो. जुनं नाव खोडरबरानं जात नाही. त्याला कंस होतो. ‘नावाला कंस केला’ असंच म्हणतात. 2020 पासूनच्या नव्या नमुन्यात कंसासोबत नावावर आडवी रेघही येते, पण रेघेखालचं नाव वाचता येतंच. कुणाची जमीन कुणाकडून आली हे उद्या कुणी विचारलं तर दाखवता यायला हवं ना.

विकिपीडियाचं कारणही जवळपास हेच आहे. तिथला मजकूर कुणीही घ्यावा, बदलावा, छापावा, फक्त लिहिणाऱ्याचं श्रेय ठेवावं, अशा परवान्यावर तो दिलेला असतो. ‘इतिहास पहा’ दाबलं की कोणतं वाक्य कोणी कधी घातलं ते दिसतं. ती साखळी तुटली तर श्रेयही तुटतं.

हे पटलं, पण पटलं म्हणून दुखायचं थांबत नाही. आमच्या सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं ते वडील गेल्यावर, वारस म्हणून. वडिलांच्या नावाला कंस झाला तेव्हाच. आमच्याच जिल्ह्यात चांदवडला 1986 च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचं मोठं महिला अधिवेशन झालं होतं, आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’त नवऱ्यांनी जिवंतपणी, राजीखुशीनं जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करावा अशी मोहीम निघाली. ती आमच्या घरापर्यंत पोचली नाही.

त्या दोन रात्रींत मी इतरांच्या नावांचे इतिहास वाचत बसले. आमच्याच निफाड तालुक्यातलं मोठं उदाहरण म्हणजे शिरवाडकर. मूळ गाव शिरवाडे, बालपण पिंपळगाव बसवंतला. जन्मनाव गजानन रंगनाथ. काकांना दत्तक गेल्यावर विष्णू वामन झाले. धाकट्या बहिणीचं नाव कुसुम, म्हणून कवितेपुरते कुसुमाग्रज. कविता एका नावानं, नाटकं दुसऱ्या. 1942 चा ‘विशाखा’ कुसुमाग्रजांचा, ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचं. विकिपीडियाच्या भाषेत ही एका माणसाची दोन खाती, पण उघडपणे चालवलेली, त्यामुळे नियमात बसतात. गजानन हे नाव मात्र चरित्रात एका ओळीपुरतं उरलं.

पण मला जास्त जवळच्या वाटल्या बाळूताई खरे. 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं ते विभावरी शिरूरकर या नावानं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाविना राहिलेल्या मुलींच्या मनातलं इतकं उघड लिहिलेलं की महाराष्ट्र खवळला, आणि ही विभावरी कोण यावर तर्क लढवत बसला. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन त्या मालती बेडेकर झाल्या. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि स्वतः निवडलेलं नाव. यातलं फक्त तिसरं त्यांनी लिहिण्यासाठी घेतलं होतं आणि लोकांच्या लक्षात तेच राहिलं. ग्रंथालयात त्यांचं पुस्तक शोधायला गेलात तर एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे जावं लागतं, पण कुणी जुन्या आवृत्त्यांवरचं नाव खरवडायला जात नाही.

माहेरचं आडनाव परत घ्यावं का, हाही प्रश्न होताच. ते तरी माझं कुठे? वडिलांचं. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहायचा नियम राज्यात आला आहे. मी फारच आधी जन्मले. मग मीच माझं आणि आईचं नाव जोडून टाकलं, देवनागरीत, मध्ये जागा न सोडता. ते जगात आणखी कुणी घेतलेलं नव्हतं.

कारणाच्या रकान्यात शेवटी लिहिलं: ‘आडनाव बदलले.’

तिसऱ्या दिवशी ईमेल आला. इतिहासाची पानं उघडून बघितली, खरंच सगळीकडे नवं नाव. चार वर्षांच्या वेलांट्या, पूल, तालुके, सगळं आईच्या नावासकट. मग चर्चापान उघडलं. तिथे 2021 मध्ये एका अनोळखी सदस्याशी नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून मी तावातावानं वाद घातला होता, आणि खाली माझी जुनी सही, आडनावासकट, वेळेसकट. त्या वादात मी बरोबर होते. फोनच्या कीबोर्डवर ती नागमोडी चिन्हं शोधून चार वेळा दाबली की सही उमटते, हे मी तेव्हा नुकतंच शिकले होते.

सहीवर बोट ठेवलं तर ती नव्या सदस्यपानावर घेऊन गेली. मी तिला हात लावला नाही. तिच्याखाली एक ओळ घातली, ‘वरील सही माझीच’, आणि चार वेळा ते चिन्ह दाबलं.

आईला दाखवलं. तिनं चष्मा वर केला, फोन लांब धरला आणि विचारलं, “माझं नाव कशाला घातलं गं मध्ये? मी काय लिहिलंय?”