बदलीच्या बिऱ्हाडातले दुसरे वाहन

दूरच्या गावी बिऱ्हाड हलवताना घरातले एक वाहन बहुधा मालक स्वतः चालवत नेतो. अडचण येते ती दुसऱ्याची. भांडी खोक्यात बसतात, गाद्या गुंडाळून बांधता येतात, कपाट आडवे करता येते. वाहन मात्र स्वतःच्या चाकांवर चालणारी वस्तू असूनही ते सामान म्हणून उचलावे, बांधावे आणि उतरवून घ्यावे लागते. शिवाय त्याला क्रमांक असतो, कर असतो, विमा असतो, म्हणजे सामानासोबत कागदांचे एक वेगळे ओझे हलवावे लागते. महाराष्ट्रात या वाहतुकीचा इतिहास मोटारीच्याही आधी, घाटात सुरू होतो.

मुंबईहून पुण्याला जाताना बोरघाट आडवा येई. १८३० पर्यंत या घाटातून चाकाची गाडी नीट जाईल असा रस्ता नव्हता. बैल, तट्टू, पालख्या आणि डोक्यावर ओझे घेतलेले हमाल एवढ्यांचीच ती वाट होती. पुण्याच्या छावणीत राहायला जाणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला आपली बग्गी वर न्यायची असेल तर ती सुटी करून तिचे भाग माणसांच्या खांद्यावर चढवले जात, किंवा अख्खी बग्गी बांबूंना टांगून हमालांच्या टोळीकडून वाहून नेली जाई. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १० नोव्हेंबर १८३० रोजी नवा घाटरस्ता खुला केला आणि बग्ग्या घोड्यांसह थेट वर जाऊ लागल्या. ज्या हमालांनी त्या बग्ग्या इतकी वर्षे खांद्यावर वाहिल्या, त्यांची नावे कुठल्याही अहवालात नाहीत. वाहनाची वाहतूक हा धंदा या प्रदेशात त्यांच्यापासून धरायला हवा.

रेल्वे १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे धावली आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा टप्पाही सुरू झाला. मधला घाट लोहमार्गाने जोडला गेला तो १८६३ मध्ये. तोवरची पाच वर्षे प्रवासी खालच्या गाडीतून उतरत, पालखीने किंवा तट्टावरून घाट चढत आणि वर दुसरी गाडी पकडत. रूळ सलग झाल्यावर बग्गी आणि घोडा यांच्यासाठी आगगाडीत जागा झाली. इंग्लंडमधील रीत इथेही आली होती. बग्गी उघड्या सपाट वाघिणीवर चढवून तिची चाके बांधायची, घोड्यांसाठी वेगळा डबा जोडायचा आणि मोतद्दाराने घोड्यांसोबत जायचे. रेल्वेच्या दरपत्रकात घोडे आणि गाड्या यांचे दर वेगळे छापलेले असत. फलाटाच्या टोकाला वाघीण लावून गाडी सरळ आत ढकलता येईल असा धक्का मोठ्या स्थानकांवर बांधला गेला. पुढे मोटारी याच धक्क्यांवरून वाघिणीत चढल्या.

मुंबईत मोटार आली ती १८९८ च्या सुमारास. सुरुवातीची मोटार ही संस्थानिक, बडे व्यापारी आणि वरिष्ठ अधिकारी यांची वस्तू होती, आणि लांबच्या प्रवासाला ती रेल्वेनेच जाई, कारण रस्ते धड नव्हते आणि नद्यांवर पूल मोजके होते. सरकारी नोकराची बदली झाली की सामानाबरोबर वाहनाचा खर्च कोणी द्यायचा, याची उत्तरे ब्रिटिश अमदानीत नियमांत लिहिली गेली. १९२२ पासून लागू झालेल्या मूलभूत आणि पूरक नियमांत बदलीच्या भत्त्याची जी व्यवस्था आहे तिच्यात मोटारीच्या जोडीला मोटारसायकल, सायकल आणि घोडाही आहे. अधिकाऱ्याच्या श्रेणीप्रमाणे त्याचे वाहन ठरे. बारकाईने पाहिले तर या व्यवस्थेचा पाया एका गृहीतकावर आहे: एका कुटुंबाचे यंत्रावर चालणारे वाहन एकच. घोडे गेले, राज्य बदलले, वेतन आयोग येऊन गेले, पण हे गृहीतक टिकले. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये केंद्राने काढलेल्या आदेशातही सहाव्या वेतनस्तरापासून वरच्यांना एक मोटार किंवा एक स्कूटर, आणि त्याखालच्यांना एक दुचाकी किंवा सायकल नेण्याचा खर्च मिळतो. सामानासाठी वरच्या स्तरांना ६,००० किलोपर्यंत मुभा आहे. पण त्या सहा टनांबरोबर दुसरे वाहन न्यायचे तर त्याच्या भाड्याची तजवीज घराने स्वतः करायची. नोकरदार पती-पत्नी दोघांचीही वाहने असलेल्या आजच्या घराला हा नियम अपुरा पडतो.

लष्करी कुटुंबांनी ही अडचण सर्वांत जास्त सोसली. देवळाली, खडकी, अहमदनगर, कामठी, पुणे या छावण्यांत दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उठायचे आणि पुढचा मुक्काम पठाणकोट किंवा तेजपूर असू शके. पूर्वी घरसामानासाठी रेल्वेची अख्खी वाघीण मिळवण्याची सोय होती. मोटार आत चढवायची, चाकांना लाकडी पाचरी ठोकायच्या, दोरांनी चारी बाजूंनी ताणून बांधायचे आणि उरलेल्या जागेत ट्रंका, पलंग, कपाटे रचायची. लष्करी पेट्या काळ्या रंगाच्या आणि त्यांवर पांढऱ्या अक्षरांत नाव, हुद्दा व पत्ता, ही ओळख आजही टिकून आहे. वाघीण कधी पोहोचेल हे सांगता येत नसे, आणि कुटुंब नव्या क्वार्टरमध्ये उसन्या भांड्यांवर दिवस काढी. १९८० च्या दशकात रेल्वेने सुट्या वाघिणींपेक्षा एकाच मालाच्या पूर्ण गाडीवर भर द्यायला सुरुवात केली आणि एका घरासाठी एक वाघीण ही सोय हळूहळू आटत गेली. रेल्वेच्या हिशेबाने ते योग्य होते. कोळसा, सिमेंट आणि धान्याच्या पूर्ण गाड्यांपुढे एका घराचा संसार म्हणजे तोट्याचा माल. बदलीवाल्या कुटुंबांचे मात्र त्यात मोठे नुकसान झाले.

मध्यमवर्गाच्या घरात दुसरे वाहन आले ते स्कूटरच्या रूपाने. मुंबईच्या एपीआय कंपनीची लॅम्ब्रेटा आणि बजाजने आकुर्डीच्या कारखान्यात बनवलेली व्हेस्पा यांनी १९६० च्या दशकात रस्ते व्यापले. १९७२ मध्ये चेतक आली आणि त्याच वर्षी पुण्याहून लूना. चेतकसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून बदली झाली तरी कोणी स्कूटर विकत नसे. विकली तर नव्या गावी पुन्हा रांगेत उभे राहायचे, एवढाच पर्याय होता. ती सोबत नेलीच पाहिजे, हा टंचाईने घातलेला दंडक होता, आणि रेल्वेच्या पार्सल कचेरीत बांधलेल्या स्कूटरची जी ओळखीची रांग दिसे ती त्यातून आली.

स्कूटर रेल्वेने पाठवण्याची रीत दोन प्रकारची. मालक त्याच गाडीने जात असेल तर तिकीट दाखवून ती सोबतचे सामान म्हणून नोंदवता येते, नाहीतर पार्सल म्हणून एकटी पाठवता येते. पहिल्यात भाडे जास्त पण स्कूटर बहुधा त्याच गाडीत येते. दुसऱ्यात भाडे कमी, पण ती पुढच्या गाडीची वाट पाहत फलाटावर पडून राहू शकते. दोन्ही प्रकारांत पहिली अट पेट्रोलची. टाकी पूर्ण रिकामी असल्याशिवाय स्कूटर घेतली जात नाही, कारण गार्डाच्या डब्याला लागून असलेल्या बंद कप्प्यात पेट्रोलची वाफ साठली तर एक ठिणगी पुरे. स्थानकाबाहेर रबरी नळीने पेट्रोल काढून घेणारी आणि स्कूटर बांधून देणारी माणसे हा स्थानक परिसरातला एक जोडधंदाच झाला. आरसे काढून डिकीत ठेवायचे, दिव्याला आणि हँडलला चिंध्या गुंडाळायच्या, त्यावर पेंढा किंवा पुठ्ठा आणि सर्वांवर गोणपाट सुतळीने शिवून टाकायचे. आरसीची प्रत दाखवायची, पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत कुठून कुठे जायचे ते लिहून पुढे आणि मागे अडकवायचे. बिल्टी हातात आली की काम झाले असे वाटे, पण खरी कसोटी दुसऱ्या टोकाला असे.

जिथे गाडी दोन मिनिटेच थांबते तिथे एवढे जड पार्सल उतरवता येत नसे. म्हणून लहान गावी बदली झालेला माणूस जवळच्या मोठ्या जंक्शनापर्यंत स्कूटर नोंदवी आणि पुढे चालवत नेई. रुळांची रुंदी बदले तिथे आणखी एक अडथळा होता. मनमाडहून तेव्हाच्या औरंगाबादकडे जाणारा मार्ग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मीटरगेज होता. मुंबईहून निघालेली स्कूटर मनमाडला एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात घातली जाई, आणि पोचे पडायचे ते अशा चढ-उतारात. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग रुंद होईपर्यंत, म्हणजे १९७० च्या आसपासपर्यंत, तिथेही हीच गत होती. पार्सल ठरलेल्या मुदतीत सोडवले नाही तर तासांच्या हिशेबाने स्थानभाडे लागे. नुकसानीची भरपाई माल ‘मालकाच्या जोखमीवर’ नोंदवला की ‘रेल्वेच्या जोखमीवर’ यावर ठरे. पहिल्याचे भाडे कमी म्हणून बहुतेक जण तोच मार्ग घेत आणि तुटलेला दिवा स्वतःच्या खर्चाने बसवत.

स्थानकाबाहेर जकातही होती. महाराष्ट्रातल्या शहरांत बाहेरून येणाऱ्या मालावर जकात घेतली जाई आणि नाक्यावर वाहन जुने, स्वतःच्या वापराचे आहे हे कागदांनी पटवावे लागे. राज्यातल्या इतर महापालिकांची जकात त्याआधीच टप्प्याटप्प्याने बंद झाली होती. मुंबईची शेवटी राहिली, आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा तीही संपली.

ट्रकने बिऱ्हाड नेण्याची पद्धत रस्ते सुधारले तशी वाढली. ट्रकमध्ये दुचाकी शेवटी, मागच्या फाळक्याजवळ चढवतात, म्हणजे उतरवताना ती आधी निघते. तिला दोन्ही बाजूंनी गाद्यांचा आधार देतात आणि पुढचे चाक फळीला करकचून बांधतात. मोटार ट्रकमध्ये चढवणे कठीण. त्यासाठी रस्त्याकडेचा मातीचा उंचवटा किंवा गोदामाचा धक्का शोधावा लागे. त्यामुळे मोटारीसाठी वर्षानुवर्षे सर्वमान्य उपाय एकच होता, रोजाने ड्रायव्हर ठरवून ती चालवत पाठवणे. १९९९ मध्ये सुवर्ण चतुष्कोन योजना सुरू झाली, तिच्यात ५,८४६ किलोमीटरचे महामार्ग चौपदरी करायचे होते. नव्या मोटारी कारखान्यातून विक्रेत्यांकडे नेणारे लांब, बंद ट्रेलर याच महामार्गांवर वाढले. परतीच्या फेरीत रिकामे येण्यापेक्षा एखाद्या कुटुंबाची मोटार घेणे त्यांना परवडते, आणि पुण्याहून दिल्लीला किंवा बंगळुरूला मोटार पाठवणे आज इतके सोपे झाले ते या परतीच्या मालामुळे. मात्र भाडे जितके कमी, तितकी ट्रेलर भरेपर्यंत थांबण्याची तयारी हवी.

रेल्वेनेही मोटारी सोडल्या नाहीत. निवृत्त प्रवासी डब्यांच्या खिडक्या बंद करून आणि टोकांना दारे बसवून वाघिणी बनवल्या गेल्या. त्यांत मोटार एका टोकाने शिरून डब्यामागून डबा पार करत आत जाते. ही सोय कारखान्यांसाठी, घरांसाठी नव्हे. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड आणि वेर्णा यांदरम्यान भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर नेण्याची सेवा सुरू केली. खासगी मोटारींना या सेवेची दारे उघडली ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर. तेव्हा एका फेरीत ४० मोटारींची सोय होती आणि एका मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये होते. कोकणात किंवा गोव्यात कायमचे राहायला जाणाऱ्या घराला अशा सेवेचा खरा उपयोग आहे. ती सणापुरती न राहता वर्षभर चालली पाहिजे.

वाहतुकीत वाहनाला इजा झाली तर काय, याचे उत्तर अनेकांच्या घरात पडून असलेल्या कागदावर आहे. भारतातील मोटार विम्याच्या सर्वसमावेशक पॉलिसीत रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने नेताना होणारे नुकसान धरलेले असते. केवळ तृतीय पक्षाचा विमा असलेल्या जुन्या स्कूटरला हे संरक्षण नसते, आणि बिऱ्हाडातले दुसरे वाहन बहुतेक वेळा तेच असते. म्हणून चढवण्यापूर्वी चारी बाजूंनी छायाचित्रे काढणे आणि आधीचे ओरखडे वाहतूकदाराच्या पावतीवर लिहून घेणे शहाणपणाचे ठरते.

वाहन पोहोचल्यावर कागदांची पाळी येते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गेले तर पत्ता बदलणे पुरते. राज्य बदलले तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, नव्या राज्याचा कर भरावा लागतो आणि जुन्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा मागत फिरावे लागते. पहिल्या वाहनासाठी लोक हे करतात. दुसरे, जुने वाहन परक्या राज्यात वर्षानुवर्षे एमएच क्रमांकावरच फिरत राहते आणि नाक्यावर दंड भरते. यावर २०२१ मध्ये भारत मालिका आली. १५ सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ अक्षरांचा क्रमांक मिळू लागला. त्याला राज्य बदलले तरी नवा क्रमांक लागत नाही, आणि कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांत भरता येतो. ही सवलत संरक्षण दलांतील, केंद्र व राज्य सरकारांतील आणि सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचाऱ्यांना, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरांना आहे. या चौकटीत न बसणारा शिक्षक, दुकानदार किंवा छोट्या कारखान्यातला कामगार आपली स्कूटर घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला गेला, तर १२ महिन्यांनंतर त्याला तिथला नवा क्रमांक घ्यावाच लागतो.