पुराचं पाणी आणि भाड्याचं घर

मंडळी, नोकरीच्या सुरुवातीला मी अमरावतीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात शिरलं, पुस्तकांचा लगदा झाला, मातीची भिंत फुगली. भिंत नीट करून द्या म्हटलं, तर घरमालक म्हणाले, "सर, पाणी काय म्या सोडलं?" तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाकडे उत्तर नव्हतं!

आपल्याकडे 'आस्मानी' आणि 'सुलतानी' अशी संकटांची जुनी विभागणी आहे. आस्मानीचा दोष कोणाचाच नसतो. पण नुकसान कोणाच्या तरी पदरी पडतंच, आणि ते कोणाच्या, हे कायद्याला ठरवावं लागतं.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ हेच ठरवतं. आग, वादळ किंवा पूर यांनी जागा नष्ट झाली, किंवा कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेपट्टा रद्द करायचा की नाही, हे भाडेकरूनं ठरवायचं. मालकानं नव्हे! आता 'कायमची' हा शब्द पाहा. पंधरा दिवसांत गाळ काढून घर वाळलं, तर भाडेपट्टाही चालू आणि भाडंही चालू. मात्र अटळ शक्तीनं झालेली नासधूस भाडेकरूनं भरून द्यावी, असंही कायदा म्हणत नाही. करारात वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्यात मुठेकाठच्या पेठांतले वाडे कोसळले. धरण अपुरं असताना पहिल्याच पावसाळ्यात भरलेलं. म्हणजे हे पाणी आस्मानी म्हणायचं की सुलतानी? चौकशी आयोग बसला. पण वाड्यातल्या बिऱ्हाडकरूपुढचा प्रश्न निराळाच होता. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे त्याचं भाडं नाममात्र, अन् त्याला सहजासहजी काढताही येत नसे. अशा माणसानं भाडेपट्टा रद्द करण्याचा हक्क का म्हणून वापरावा? आणि पडलेला वाडा मालकानं तरी कशाला बांधावा? कायद्यानं दिलेली सवलत त्याच्या काहीच कामाची नव्हती. अनेक पूरग्रस्तांना शेवटी शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत जावं लागलं.

इमारतच गेली तर भाडेकरूचा हक्क उरतो का? २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, आगीत जळालेल्या दुकानाच्या खटल्यात, नाही म्हटलं. २०१४ मध्ये सांगली-मिरजेकडच्या एका खटल्यात तो निकाल फिरवला. तिथं इमारत महापालिकेनं पाडली होती. न्यायालय म्हणालं, भाडेपट्ट्यात जमीनही येते. जमीन आहे तोवर भाडेपट्टा आपोआप संपत नाही. तेव्हा पानशेतला त्रेपन्न वर्षं झाली होती.

आता तुमची पोरं पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेतात. तो बहुधा 'लीव्ह अँड लायसन्स' असतो, भाडेपट्टा नव्हे. त्याला हे कलम लागतच नाही. जे काय आहे ते त्या कागदात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावर राहणाऱ्यांपैकी कितींनी सही करण्याआधी तो कागद वाचला असेल? मी तरी अमरावतीत कागदच केला नव्हता. भिंत शेवटी मीच लिंपली, अन् भाडंही पूर्ण दिलं.