खरखर कोणी थांबवायची?

मिक्सर सुरू झाला की रेडिओ खरखरतो, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. मोटारीतील ठिणग्यांतून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींचा हा उपद्रव. त्याला आवर घालण्यासाठी १९३४ साली पॅरिसमध्ये 'सिस्पर' ही आंतरराष्ट्रीय समिती प्रथम भरली. पुढे उपद्रवाचा आणखी एक उगम पुढे आला : उपकरणांना वीज पुरवणारा परिपथ.

टेलिफोन एक्सचेंजमधील यंत्रणा ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. तिच्यातील चिप्सना मात्र ५ व्होल्ट किंवा त्याहूनही कमी दाब लागतो. जादा दाब जुन्या पद्धतीने ट्रान्झिस्टरमध्ये जिरवला, तर सुमारे नऊ-दशांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करणारी 'स्विचिंग' पद्धत आली. ऊर्जा वाचली, पण प्रत्येक झटक्याबरोबर उच्च वारंवारतेचे प्रवाह तारांवाटे बाहेर पडू लागले.

१९८५ मध्ये सिस्पर-२२ या मानकाने माहिती-तंत्रज्ञान उपकरणांना मर्यादा घातल्या. (आता त्याची जागा सिस्पर-३२ ने घेतली आहे.) युरोपात १९८९ चा निर्देश १ जानेवारी १९९६ पासून दूरसंचार यंत्रांसह बहुतेक विद्युत उपकरणांना सक्तीचा झाला. खरखर रोखण्याची जबाबदारी अशी ऐकणाऱ्याकडून बनवणाऱ्याकडे आली. चोक व कपॅसिटर यांची गाळणी बसवणे, प्रवाहाचा फेरा शक्य तितका लहान ठेवणे, हे आराखड्यापासूनच पाहावे लागू लागले.

वर्गात मोबाइलच्या चालू चार्जरजवळ मीडियम वेव्हचा रेडिओ नेऊन पाहावा, असे आम्ही सुचवतो. खरखर ऐकू आली, तर कोणत्या मर्यादेसाठी एवढा खटाटोप झाला, हे मुलांना सांगणे सोपे जाईल.