संगणकांचे दूरस्थ व्यवस्थापन
एखाद्या संगणकाजवळ प्रत्यक्ष उपस्थित न राहता, दूरच्या ठिकाणाहून संदेशवहनमार्गाने त्याला आज्ञा देणे, त्याची स्थिती जाणून घेणे व त्याची देखभाल करणे या कार्यपद्धतीस संगणकांचे दूरस्थ व्यवस्थापन असे म्हणतात. बँका, रेल्वे आरक्षण, रुग्णालये, वृत्तपत्रे इत्यादींची कामे ज्या संगणकांवर चालतात, त्यांना सेवासंगणक किंवा सर्व्हर म्हणतात. हे संगणक बहुधा थंड ठेवलेल्या, बंदिस्त दालनांत रचलेले असतात. त्यांना पडदा वा कळफलक क्वचितच जोडलेला असतो आणि त्यांचा व्यवस्थापक दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशातही असू शकतो. अंतर ओलांडण्याचा प्रश्न अभियंत्यांनी लवकर सोडविला. परंतु दूरवरून आज्ञा देणारी व्यक्ती खरोखर अधिकृतच आहे, हे यंत्राने कसे ओळखावे हा प्रश्न अधिक अवघड ठरला. या पद्धतीचा इतिहास हा मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा, व ती उत्तरे वेळोवेळी अपुरी पडल्याचा इतिहास आहे.

प्रारंभ : ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेज येथे भरलेल्या गणितज्ञांच्या सभेत जॉर्ज स्टिबिट्झ (१९०४–९५) यांनी न्यूयॉर्क येथील बेल प्रयोगशाळेतील गणनयंत्र दूरमुद्रकाच्या साहाय्याने चालवून दाखविले. सदसत् संख्यांची उदाहरणे सभास्थानी टंकलिखित केली जात व त्यांची उत्तरे तारमार्गाने परत येत. दूरवरून गणनयंत्र वापरल्याचे हे पहिले ज्ञात उदाहरण होय. त्या वेळी तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, असा प्रश्न उद्‌भवत नव्हता. कारण तार एकच होती आणि तिची दोन्ही टोके परिचितांच्या हाती होती.

एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची कालविभाजन पद्धती १९६१ साली मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो (१९२६–२०१९) व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्षात आणली. अनेक वापरकर्त्यांचे काम परस्परांपासून वेगळे राखण्यासाठी त्यांनी परवलीच्या शब्दाचा अवलंब केला. या उपायाची मर्यादाही तेथेच उघडकीस आली. एकदा आज्ञावलीतील चुकीमुळे स्वागतसंदेशाच्या जागी परवलीच्या शब्दांची संपूर्ण यादीच प्रत्येक वापरकर्त्यासमोर मुद्रित झाली. 

जालकाचा उदय : २९ ऑक्टोबर १९६९ रोजी आर्पानेट या जालकावरून पहिला संदेश लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पाठविण्यात आला. दूरच्या संगणकात प्रवेश मिळविण्यासाठी ‘लॉगिन’ हा शब्द पाठविण्याचा तो प्रयत्न होता. ‘एल’ व ‘ओ’ ही दोन अक्षरे पोहोचताच पलीकडील संगणक बंद पडला; सुमारे तासाभराने प्रयत्न सफल झाला. म्हणजे ज्या जालकातून पुढे इंटरनेट विकसित झाले, त्याचा पहिला उपयोग दूरस्थ प्रवेशासाठीच झाला.

या कामासाठी तयार झालेली टेलनेट ही नियमावली मे १९८३ मध्ये जॉन पोस्टेल व जॉइस रेनल्ड्स यांनी प्रमाणित स्वरूपात मांडली. त्याच वर्षी बर्कली येथील यूनिक्स प्रणालीच्या आवृत्तीत आर-लॉगिन ही सोय आली. तीत एका संगणकाने दुसऱ्याला ‘विश्वासू’ ठरविले, की तेथून येणाऱ्यास परवलीचा शब्दही विचारला जात नसे. दोन्ही पद्धतींत मजकूर उघड्या पत्राप्रमाणे, जसाच्या तसा तारेवरून जात असे. जालकावरील संशोधक परस्परांना ओळखत होते, तोवर यात कोणास वावगे वाटले नाही.

विश्वासास तडा : २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेली, स्वतःच्या प्रती काढत पसरणारी आज्ञावली इंटरनेटवर फैलावली. इतर दोषांबरोबरच संगणकांनी एकमेकांवर ठेवलेला हा विश्वास व सोपे परवलीचे शब्द यांचाही तिने उपयोग केला. सुमारे ६,००० संगणक बाधित झाल्याचा तत्कालीन अंदाज होता. या घटनेनंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आपत्तींसाठी समन्वय केंद्र स्थापन झाले. याच केंद्राने ३ फेब्रुवारी १९९४ रोजी जाहीर सूचना काढून, जालकावरील वाहतूक चोरून वाचणाऱ्यांनी हजारो संगणकांच्या प्रवेशाची माहिती हस्तगत केल्याचे कळविले. कुलूप मोडण्याची गरज उरली नव्हती. किल्ली रस्त्यावरूनच उघडी नेली जात होती.

सुरक्षित पद्धती : १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्या विद्यापीठाच्या जालकावर असेच परवलीचे शब्द चोरले गेले. तेथील संशोधक तातू यूलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच ही आज्ञावली लिहिली व जुलै १९९५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. तिच्यासाठी त्यांनी मागितलेला २२ हा पोर्ट क्रमांक त्यांना देण्याचे काम जॉइस रेनल्ड्स यांनीच केले. त्याआधीचा २१ हा संचिका-प्रेषणासाठी व नंतरचा २३ हा टेलनेटसाठी ठरलेला होता. पुढे मूळ आज्ञावलीच्या वापरावरील अटी कडक होत गेल्यामुळे, ओपनबीएसडी या प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांनी तिच्या जुन्या मुक्त आवृत्तीवरून ओपनएसएसएच तयार केली. ती डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली व कालांतराने जगभर रूढ झाली.

या पद्धतीत संभाषण सुरू होताच दोन्ही संगणक गणिती रीतीने एक तात्पुरती गुप्त किल्ली ठरवितात व पुढील सर्व मजकूर तिने कूटबद्ध होतो. व्यवस्थापकाची ओळख पटविण्यासाठी किल्ल्यांची जोडी वापरता येते. तिच्यातील सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवतात, तर खाजगी किल्ली व्यवस्थापकाच्या संगणकाबाहेर जात नाही. ती आपल्याजवळ असल्याचा गणिती पुरावा तेवढा पाठविला जातो. किल्ली योग्य रीतीने चालते अशी खात्री झाल्यावर परवलीच्या शब्दाने होणारा प्रवेश बंद करणे इष्ट असते. हा क्रम उलटा केल्यास व्यवस्थापक स्वतःच बाहेर राहतो. सर्व्हरलाही स्वतःची किल्ली असते व तिचा ठसा पहिल्या भेटीत व्यवस्थापकास दाखविला जातो. तो अन्य मार्गाने पडताळून पाहणे आवश्यक असते. परंतु घाईत बहुतेकजण तो न वाचताच मान्य करतात.

व्याप्ती : एका व्यवस्थापकाकडे शेकडो सर्व्हर आल्यावर प्रत्येकात स्वतंत्रपणे प्रवेश करून आज्ञा देणे अशक्य झाले. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या सीएफएंजिनमध्ये संगणकाची अपेक्षित स्थिती लिहून ठेवली जाते व आज्ञावली प्रत्येक यंत्र त्या स्थितीस आणते. पपेट (२००५), शेफ (२००९) व अँसिबल (२०१२) ही याच विचाराची पुढील साधने होत. यांपैकी अँसिबल सर्व्हरशी सामान्यतः एसएसएचद्वारेच बोलते. यंत्र पूर्णपणे बंद पडले असतानाही ते दूरवरून सुरू करता यावे, यासाठी त्यात स्वतंत्र लहान नियंत्रक बसविण्याचे आयपीएमआय हे मानक १९९८ मध्ये आले. या साधनांनी श्रम वाचले; तथापि एका चुकीच्या आज्ञेचा परिणामही एकाच वेळी शेकडो यंत्रांवर होऊ लागला.

नंतरचे धडे : मे २००८ मध्ये डेबियन या प्रणालीतील एक दोष जाहीर झाला. २००६ मध्ये केलेल्या एका लहान बदलामुळे तिच्यावर तयार होणाऱ्या किल्ल्यांतील यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली होती. प्रत्येक प्रकारच्या व लांबीच्या सुमारे ३२ हजार किल्ल्याच संभवत होत्या आणि त्या सर्व तपासून पाहणे सहज शक्य होते. गणित निर्दोष असूनही किल्ली घडविणारा साचा सदोष ठरला.

याहून गंभीर प्रकार मार्च २०२४ मध्ये उघडकीस आला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास एसएसएचद्वारे प्रवेश होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. शोध घेता, एक्सझेड या माहिती-संक्षेपण साधनाच्या दोन नव्या आवृत्त्यांत चोरवाट दडविलेली आढळली. ओपनएसएसएचमध्ये मुळात हे साधन वापरले जात नाही; काही लिनक्स वितरणांनी केलेल्या जोडणीमुळे ते तेथे पोहोचले होते. चोरवाट घालणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात नेमाने काम करून विश्वास संपादन केला होता. बाधित आवृत्त्या सर्वत्र पसरण्यापूर्वीच मागे घेतल्या गेल्याने मोठा अनर्थ टळला.

अशा प्रकारे परवलीच्या शब्दाकडून किल्लीकडे व किल्लीकडून ती घडविणाऱ्या साधनांकडे विश्वासाचा प्रश्न सरकत गेला आहे. ही साधने अनेक ठिकाणी मोजके स्वयंसेवक विनामोबदला सांभाळतात, आणि दूरच्या दालनातील सर्व्हरची सुरक्षितता आता त्यांच्या दक्षतेवरही अवलंबून आहे.